सुट्टीचं डेंटल किट: काय ठेवावं, काय काढून टाकावं

सुट्ट्या जवळ आल्या की ‘ट्रॅव्हल डेंटल किट’ नावाच्या डब्या सगळीकडे दिसायला लागतात. आतला माल बहुतेक ठरलेला असतो: घडीचा ब्रश, बोटाएवढी टूथपेस्टची ट्यूब, माउथवॉशची इवलीशी बाटली, फ्लॉसच्या काड्या, जीभ साफ करायची पट्टी, आणि अलीकडे कोळशाची पूड किंवा दात पांढरे करायच्या पट्ट्या. या डबीतली एकेक वस्तू बाहेर काढून ती सुट्टीत दातांच्या उपयोगी पडते का, ते इथे पाहू. आमचं मत आधीच सांगून टाकतो. तयार डबीतल्या निम्म्याहून जास्त वस्तू काढून टाकण्यासारख्या असतात, आणि ज्यांची खरी गरज पडते त्या तीन-चार वस्तू डबीत नसतातच.

गरज कशाची, हे ठरवायचं तर सुट्टीत दातांचं नेमकं काय बिघडतं ते माहीत हवं. साखर तोंडात गेली की दातावरच्या चिकट थरातले जंतू काही मिनिटांतच तिचं आम्ल करतात. थराचा पीएच (आम्लता मोजायचा आकडा, जितका कमी तितकं आम्ल तीव्र) साधारण ५.५ च्या खाली उतरला की इनॅमलमधलं, म्हणजे दाताच्या कडक बाहेरच्या आवरणातलं, कॅल्शियम आणि फॉस्फेट विरघळायला लागतं. पुढे लाळ ते आम्ल निवळवते, आणि अर्ध्या ते एक तासात तोंड पुन्हा मूळपदावर येतं. हिरडी खाली सरकून दाताचं मूळ उघडं पडलं असेल तर तिथे त्याहून सौम्य आम्लही पुरतं, म्हणून वयस्कर माणसांच्या दातांना सुट्टीचा काळ जास्त जड जातो. एरवी दिवसातून चार वेळा खाणारा माणूस सुट्टीत येता-जाता तोंडात काहीतरी टाकत राहतो. दर वेळी तो आम्लाचा अर्धा-पाऊण तास नव्याने सुरू होतो आणि लाळेला भरपाई करायला उसंतच मिळत नाही.

किती खाल्लं यापेक्षा किती वेळा खाल्लं हे महत्त्वाचं, हे स्वीडनमधल्या विपेहोल्म संस्थेत १९४० च्या दशकात झालेल्या प्रयोगांनी स्पष्ट केलं. त्यांचे निष्कर्ष १९५४ साली प्रसिद्ध झाले. जेवणाबरोबर साखर घेणाऱ्यांच्या किडीत फारशी वाढ झाली नाही. जेवणांच्या मधल्या वेळात चिकट टॉफी खाणाऱ्यांचे दात मात्र भराभर किडले. बौद्धिक अपंगत्व असलेल्या माणसांवर, त्यांच्या संमतीशिवाय केलेला हा प्रयोग होता. आज तो कुणी करू देणार नाही आणि देऊही नये. पण त्यातून कळलेली गोष्ट पक्की आहे: गोड खायचंच असेल तर ते जेवणाला जोडून खावं आणि मग तोंड बंद ठेवावं. मध आणि सुकवलेली फळं यांनाही हाच नियम. ती ‘नैसर्गिक’ आहेत म्हणून दातावरचे जंतू काही सूट देत नाहीत.

तेव्हा डबीतल्या प्रत्येक वस्तूला आम्ही तीन प्रश्न विचारतो. तिच्यामुळे रात्रभर दातावर फ्लोराइड, म्हणजे विरघळलेलं इनॅमल भरून यायला मदत करणारं द्रव्य, राहतं का? दातांच्या फटीतला थर निघतो का? खाल्ल्यानंतर लाळ वाढते का? तिन्हींचं उत्तर ‘नाही’ असेल तर ती वस्तू घरीच राहू द्यावी.

सुरुवात टूथपेस्टच्या छोट्या ट्यूबपासून. किटची पहिली फसगत इथेच होते. हॉटेलात फुकट मिळणाऱ्या आणि किटमध्ये येणाऱ्या कित्येक ट्यूबांमध्ये फ्लोराइड नसतं, किंवा किती आहे ते लिहिलेलंच नसतं. ट्यूब उलटी करून मागची बारीक अक्षरं वाचा. मोठ्यांसाठी १००० ते १५०० पीपीएम (दहा लाखात इतके भाग) फ्लोराइड हवं. १३५० ते १५०० च्या घरात असेल तर उत्तम. हा आकडा सापडत नसेल तर पुडक्यावर पानाफुलांची चित्रं कितीही असोत, ती पेस्ट नको. रोजची ट्यूबच बरोबर घ्या. एका वेळी साधारण एक ग्रॅम पेस्ट लागते असं धरलं, तर २० ग्रॅमची ट्यूब एका माणसाला दोन वेळच्या हिशेबाने दहा दिवस पुरते. तीन वर्षांखालच्या मुलांना तांदळाच्या दाण्याएवढी, तीन ते सहा वर्षांच्या मुलांना वाटाण्याएवढी, आणि ती मोठ्या माणसाने ब्रशवर लावून द्यायची.

पेस्ट चांगली असूनही वाया जाते ती शेवटच्या अर्ध्या मिनिटात. दोन मिनिटं नीट घासायचं आणि मग खळखळून चुळा भरायच्या, ही सवय जवळपास प्रत्येक घरात आहे. त्या चुळांबरोबर फ्लोराइडही बेसिनमध्ये जातं. फेस थुंकून टाका, जिभेला चव राहिली तर राहू द्या, आणि पाणी न घेता झोपा. झोपेत लाळ फार कमी होते, त्यामुळे रात्रीचं हे घासणं सगळ्यांत मोलाचं. सुट्टीत उशिरापर्यंत जागरण होतं आणि नेमकं तेच चुकतं. यावर साधा उपाय म्हणजे झोपेची वाट न पाहता शेवटचा घास संपल्यावर थोड्या वेळाने ब्रश करून टाकायचा. त्यानंतर गप्पा कितीही रंगल्या तरी फक्त पाणी.

आंबट पेयांचं गणित वेगळं. कोलासारख्या पेयांचा पीएच अडीचच्या आसपास असतो, लिंबाचा रसही तितकाच आंबट. इथे जंतूंची गरजच नाही. पेय स्वतःच इनॅमलचा वरचा थर मऊ करतं. ‘शुगर-फ्री’ लिहिलं म्हणून आम्ल कमी होत नाही. असं पेय प्यायल्यावर दात आंबले की लगेच ब्रश करायला हात शिवशिवतात, पण त्या वेळी घासलं तर मऊ झालेला थर खरवडला जायची भीती असते. आधी साध्या पाण्याने चूळ भरा, निदान अर्धा तास जाऊ द्या, तासभर थांबता आलं तर आणखी चांगलं. आणि घोट-घोट करत तासभर पेला हातात धरून बसण्यापेक्षा एका बैठकीत संपवलेलं पेय दातांना कमी महागात पडतं. आंबट पेयं वारंवार होणार असतील तर स्टॅनस फ्लोराइडची पेस्ट साध्या सोडियम फ्लोराइडपेक्षा सरस ठरते. तिच्यातल्या कथिलाचा दातावर बसणारा थर आम्लाला थोपवून धरतो.

थंड-गरम झोंबतं म्हणून सेन्सिटिव्ह पेस्ट घेणाऱ्यांनी एक ध्यानात ठेवावं. पोटॅशियम नायट्रेटच्या पेस्टचा गुण यायला दोन ते चार आठवडे रोज वापर लागतो. सुट्टीच्या आदल्या दिवशी घेतलेली ट्यूब सुट्टी संपल्यावर कामाला लागेल. नवीन कळ असेल आणि ती एकाच दातात असेल, तर पेस्टच्या भरवशावर राहू नका. सुट्टीवर जाण्याआधी तो दात दंतवैद्याला दाखवून घ्या.

घडीचा ब्रश आम्हाला अजिबात पसंत नाही. त्याचा सांधा दाढेपाशी जोर लावला की लचकतो, खाचेत पेस्ट साचून काळी होते, आणि केस बहुतेक वेळा गरजेपेक्षा कडक असतात. रोजचा मऊ ब्रश घ्या आणि त्यावर भोकं असलेली टोपी घाला. बंद टोपीत ओला ब्रश ठेवला की तो वाळतच नाही. पोचल्यावर टोपी काढून ब्रश उभा ठेवायचा. विजेचा ब्रश वापरणाऱ्यांनी तो मागे ठेवायचं कारण नाही. वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २०१४ च्या आढाव्यात तीन महिन्यांहून जास्त वापरानंतर विजेच्या ब्रशने दातावरचा थर साध्या ब्रशपेक्षा २१ टक्के आणि हिरड्यांची सूज ११ टक्के कमी झाल्याचं दिसलं. पण तो सुट्टीपुरता विकत घेऊ नका. हाताला सवय व्हायला वेळ लागतो, आणि साध्या ब्रशसारखं जोराने रेटलं तर हिरड्या सोलवटतात.

आता फटी. ब्रशचे केस दोन दातांच्या मधे पोचत नाहीत, आणि सुट्टीतले चिकट, तंतुमय पदार्थ नेमके तिथेच अडकतात. किटमधल्या फ्लॉसच्या काड्या, म्हणजे धनुष्यासारख्या फ्रेमवर ताणलेला दोरा, पटाशीच्या दातांसाठी चालवून घेता येतात. दाढांमध्ये त्यांचं काम अर्धवट राहतं. ताणलेला दोरा सरळच असतो, तो दाताच्या गोलाईला लपेटत नाही. शिवाय एकच काडी तोंडभर फिरवली की एका फटीतला मळ दुसऱ्या फटीत जातो. सुटा दोरा जास्त चांगला. सुमारे ४५ सेंटिमीटर तोडायचा, दोन्ही मधल्या बोटांना गुंडाळायचा, मधे दोन-तीन सेंटिमीटर मोकळा ठेवायचा. करवत चालवल्यासारखा पुढे-मागे करत फटीत उतरवायचा, कारण सरळ दाबला तर तो खटकन हिरडीत घुसतो. आत गेल्यावर एका दाताला इंग्रजी ‘सी’सारखा लपेटून वर-खाली, मग शेजारच्या दाताला तसाच. पुढच्या फटीला दोऱ्याचा नवा भाग.

फटी थोड्याही मोकळ्या असतील तर मात्र आमची पहिली पसंती इंटरडेंटल ब्रशला, म्हणजे तारेवर केस गुंफलेल्या त्या छोट्या ब्रशला. आम्ही पाहिलेल्या तयार डब्यांमध्ये तो क्वचितच असतो, आणि हीच या डब्यांची सगळ्यांत मोठी उणीव. कॉक्रेनच्या २०१९ च्या आढाव्याने नुसत्या घासण्यापेक्षा फ्लॉस किंवा हे ब्रश जोडीला घेतल्याने हिरड्यांची सूज कमी होऊ शकते, आणि त्यातही हे ब्रश फ्लॉसपेक्षा सरस ठरू शकतात, असं म्हटलं. पुरावा अजून भक्कम नाही हेही त्यातच नोंदवलं आहे. वापरणाऱ्याच्या हाताला मात्र फरक लगेच कळतो: दोऱ्याशी झटापट करून कंटाळणारी माणसं हा ब्रश टिकवतात.

सगळा खेळ मापाचा आहे. स्वीडिश कंपनी टेपेच्या ब्रशात गुलाबी ०.४ मिलिमीटर, केशरी ०.४५, लाल ०.५, निळा ०.६, पिवळा ०.७ आणि हिरवा ०.८ अशी चढती मापं आहेत. दुसऱ्या कंपन्यांचे रंग याच मापाला जुळतीलच असं नाही, म्हणून रंग पाहून खरेदी करू नका, आकडा पाहा. एका तोंडाला सहसा दोन मापं लागतात, पुढे बारीक आणि दाढांना जाड. बरोबर माप म्हणजे केस दोन्ही दातांना घासून जातात पण तार कुठे टेकत नाही. तार घासल्याचा खरखरीत स्पर्श झाला तर माप मोठं आहे. ब्रश आरपार सहज सटकला, काहीच अडलं नाही, तर छोटं आहे आणि काम शून्य. जिथे सर्वांत बारीक ब्रशही जात नाही तिथे दोराच वापरायचा. जबरदस्ती केली तर तार वाकते आणि टोक हिरडीत रुततं.

दाढांपाशी बहुतेकांचा हात अडतो, कारण तोंड पूर्ण उघडलं की गाल ताणला जातो. तोंड अर्धवट मिटा, गाल सैल होईल. ब्रशचं टोक फटीच्या तळाशी टेकवून आडवं आत घाला आणि दोन-तीन वेळा मागेपुढे करा. आत असताना तो गोल फिरवू नका. तार तुटते ती बहुतेक यामुळेच. पहिले काही दिवस रक्त येईल. ते ब्रशमुळे आलेलं नसतं, आधीपासून सुजलेल्या हिरडीचं असतं, आणि रोज साफ केल्यावर आठ-दहा दिवसांत थांबायला हवं. न थांबल्यास हिरड्या तपासून घ्याव्यात. म्हणूनच हा ब्रश सुट्टीच्या दोन आठवडे आधी सुरू करावा. इम्प्लांट, म्हणजे जबड्याच्या हाडात बसवलेला कृत्रिम दात, असेल तर प्लॅस्टिकचं आवरण असलेल्या तारेचाच ब्रश घ्या.

वॉटर फ्लॉसर ही सुट्टीच्या जाहिरातींतली लाडकी वस्तू. पाण्याची धार मारून दात साफ करणारं हे यंत्र १९६२ साली अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात एका दंतवैद्याने आणि एका अभियंत्याने मिळून बनवलं, आणि वॉटरपिक हे नाव तिथूनच आलं. यंत्र चांगलं आहे, पण त्याच्याकडून भलती अपेक्षा करू नये. धार अडकलेले कण उडवते, हिरडीच्या कडेखाली पोचते, ब्रेसेसच्या तारांमध्ये आणि ब्रिजखाली (शेजारच्या दातांच्या आधाराने बसवलेल्या कृत्रिम दाताखाली) तर तिला तोड नाही. दाताला घट्ट चिकटून बसलेला थर मात्र घासल्याशिवाय पुरता निघत नाही. ब्रेसेस, ब्रिज किंवा इम्प्लांट असणाऱ्यांनी जरूर घ्यावं. बाकीच्यांनी आधी इंटरडेंटल ब्रशची सवय लावून घ्यावी आणि मग हवं तर हे जोडीला घ्यावं.

प्रवासी मॉडेलची टाकी बहुधा १५० ते ३०० मिलिलिटरची असते. जोर वाढवला की छोटी टाकी एका जबड्यातच रिकामी होते, आणि पुन्हा भरायच्या कंटाळ्याने दुसरा जबडा राहून जातो. घ्यायचंच तर मोठ्या टाकीचं घ्या. सर्वांत कमी दाबावर सुरुवात करा, पाणी कोमट ठेवा. बेसिनवर वाका, टोक तोंडात गेल्यावरच बटण दाबा, आणि ओठ किंचित मिटून पाणी कडेने गळू द्या. टोक दाताशी काटकोनात धरून हिरडीच्या रेषेने सरकवायचं, प्रत्येक फटीपाशी क्षणभर थांबायचं. बिघाड होतो तो साठलेल्या पाण्यामुळे. ओली टाकी बॅगेत कोंबली की आत बुरशी धरते. पाणी जड असेल तर क्षारांनी टोकाचं भोक बुजतं आणि धार वाकडी होते. टाकी रिकामी करून, झाकण उघडं ठेवून वाळवा. क्षार साचले तर व्हिनेगर घातलेलं पाणी एकदा फिरवून मग साधं पाणी फिरवा.

डबीत नसलेली आणि खिशात मावणारी आणखी एक चीज म्हणजे शुगर-फ्री च्युइंगगम. खाणं झाल्याबरोबर वीस मिनिटं चघळलं की लाळ भरभरून सुटते आणि आम्ल लवकर निवळतं. जिथे ब्रश करता येत नाही तिथे यासारखा उपाय नाही. साखरेऐवजी झायलिटॉल हा गोड पदार्थ घातलेलं घेतलं तर जंतूंना त्यातून आम्लही करता येत नाही. मात्र जास्त खाल्लं तर पोट बिघडतं, आणि घरात कुत्रा असेल तर पाकीट त्याच्या तोंडाला लागू देऊ नका, झायलिटॉल कुत्र्यांना विषारी असतं. जबड्याचा सांधा दुखत असेल किंवा दातावर बसवलेली कॅप (टोपण) सैल असेल तर गम नकोच.

माउथवॉशची इवली बाटली ठेवली काय, टाकली काय. वास जातो, बाकी विशेष नाही. ०.०५ टक्के सोडियम फ्लोराइडचं असेल तर कामाचं, पण ब्रशनंतर लगेच वापरू नये, कारण पेस्टमधलं जास्त फ्लोराइड धुऊन तिथे कमी फ्लोराइड बसतं. दुपारच्या जेवणानंतर वापरा. क्लोरहेक्सिडीन या जंतुनाशकाचं डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय नको. त्याने दातांवर तपकिरी डाग पडतात. जीभ साफ करायची पट्टी आमच्या तीन प्रश्नांत बसत नाही, पण हलकी आहे, डबीत राहू द्या.

कोळशाची पूड काढून टाका. दात पांढरे करण्याचा तिचा दावा सिद्ध झालेला नाही, खरखरीतपणा मात्र खरा आहे, आणि घासून गेलेलं इनॅमल परत येत नाही. दात पांढरे करणाऱ्या पट्ट्यांनी रंग उजळतो हे खरं, पण काही दिवस दात झोंबतात, आणि कॅप व फिलिंग जुन्याच रंगाची राहतात. ऐन सुट्टीत हा उद्योग करू नये.

आता अडीअडचणीच्या वस्तू. चिकट टॉफीने कॅप निघून येणं हा सुट्टीतला नेहमीचा प्रकार. औषधांच्या दुकानात झिंक ऑक्साइडचं तात्पुरतं डेंटल सिमेंट मिळतं, ते बॅगेत असू द्या. कॅप गिळली जाईल इतकी छोटी असेल किंवा दात आतून मोडलेला असेल तर बसवायच्या फंदात पडू नका. तसं काही नसेल तर आधी सिमेंट न लावता कॅप दातावर ठेवून ती कशी बसते ते पाहा, मग कॅप आणि दात दोन्ही कोरडे करा, आत पातळ थर लावा, हळू चावून दाबा, बाहेर आलेलं पुसा. चावा पूर्वीसारखा वाटला पाहिजे. उंच वाटला तर काढून पुन्हा. घरातला सुपरग्लू कधीही नको. ठणक्यावर हिरडीला ॲस्पिरिनची गोळी चोळून लावू नका, तिथली कातडी भाजते. चेहऱ्यावर सूज पसरायला लागली, ताप आला, गिळताना किंवा श्वास घेताना त्रास होऊ लागला, तर किट बाजूला ठेवून थेट रुग्णालय गाठा.

खेळताना पक्का दात मुळासकट निखळला तर वेळ मिनिटांत मोजायची. दात पांढऱ्या भागाला धरून उचला, मुळाला हात लावू नका. माती असेल तर थोडक्यात धुवा, घासू नका, आणि लगेच जागेवर बसवून रुमाल चावून धरा. बसवता येत नसेल तर दुधात ठेवा. साधं पाणी त्या मुळावरच्या पेशींना मानवत नाही, पण दात कोरडा पडण्यापेक्षा तेही बरं. दात जपून ठेवायच्या खास द्रवाची डबी मिळते, मुलं सायकल किंवा स्केटिंगवर असतील तर ती घ्यावी आणि तिच्यावरची मुदत पाहावी. दुधाचा दात मात्र कधीच परत बसवू नये, खालच्या पक्क्या दाताला इजा होते.

राहिले नाइटगार्ड (झोपेत दात खाल्ले जाऊ नयेत म्हणून घालायचं आवरण) आणि अलाइनर (दात सरळ करणारं पारदर्शक, काढता-घालता येणारं आवरण). दोन्ही गरम पाण्याने धुतले की वाकतात. अलाइनर घालून पाण्याशिवाय काहीही पिऊ नका. गोड पेय आत कोंडलं की लाळ तिथे पोचतच नाही. खाताना काढलेले अलाइनर रुमालात गुंडाळून ठेवले की ताटाबरोबर कचऱ्यात जातात, म्हणून त्यांची भोकांची कडक डबी खिशातच हवी, आणि आधीची जोडीही सामानात टाकून ठेवावी.